कायद्याने उघडा, कपाटात बंद: सातबाऱ्याचा इतिहास

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३२७ मध्ये अशी तरतूद आहे की, जमिनीचे नकाशे आणि अभिलेख वाजवी वेळेत लोकांना पाहण्यासाठी खुले असावेत आणि ठरलेली फी भरल्यावर त्यांच्या प्रमाणित नकला मिळाव्यात. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल संहितेतही याच आशयाची तरतूद होती. सरकारी माहिती नागरिकांसमोर उघडी ठेवण्याची कल्पना इंटरनेटबरोबर आली, असे आज सहज गृहीत धरले जाते. जमिनीच्या कागदाबाबत मात्र ती कायद्याच्या पुस्तकात शतकभराहून अधिक काळ आधीच होती. कायद्याने उघडा असलेला हा कागद व्यवहारात तलाठ्याच्या कपाटात बंद राहिला, आणि तो तसा का राहिला हे पाहिल्याखेरीज संगणकाने त्यात नेमके काय बदलले आणि काय जसेच्या तसे ठेवले, याचा अंदाज येत नाही.

गावाच्या महसुली हिशेबासाठी जे ठरावीक तक्ते ठेवले जातात त्यांना गाव नमुने म्हणतात. त्यांपैकी सातव्या नमुन्यात जमिनीचा धारक, क्षेत्र, आकार म्हणजे सारा आणि त्या जमिनीवरील इतरांचे हक्क यांची नोंद असते, तर बाराव्या नमुन्यात त्या जमिनीत कोणत्या हंगामात कोणते पीक किती क्षेत्रावर होते याची. हे दोन्ही नमुने एकाच पानावर एकत्र दिले जात असल्याने त्या उताऱ्याला सातबारा हे नाव पडले. कर्जासाठी, खरेदीखतासाठी, पीकविम्यासाठी, दुष्काळी अनुदानासाठी, वारसाच्या भांडणात आणि शेतकरी असल्याचा पुरावा म्हणूनही हा उतारा लागतो. ग्रामीण महाराष्ट्रात नागरिकाचा शासनाशी येणारा संबंध दीर्घकाळ मुख्यतः याच कागदामार्फत आला आहे.

इंग्रजपूर्व काळात गावचा हिशेब कुलकर्ण्याकडे असे. पाटील वसुली आणि बंदोबस्त पाही, कुलकर्णी लेखन करी, आणि दोघेही वतनदार असल्यामुळे त्यांची पदे वंशपरंपरेने चालत. परगण्याच्या पातळीवर हीच जोडी देशमुख आणि देशपांडे यांच्या रूपाने दिसते. मलिक अंबरची जमाबंदी आणि शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्या नावाशी जोडली गेलेली काठीची मोजणी यांतून जमिनीची प्रतवारी करून सारा ठरवण्याचे प्रयत्न झाले, परंतु त्यांतून तयार झालेला तपशील गावात मोडी लिपीतील कागदांच्या रूपाने, रुमालात बांधून, कुलकर्ण्याच्या घरीच राही. बिघा आणि चावर ही मापे प्रांतोप्रांती बदलत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाचे मक्ते लिलावाने देण्याची पद्धत बळावली, तेव्हा या कागदांचे महत्त्व आणखी वाढले. मक्तेदाराला गाव ठाऊक नव्हते आणि गाव ज्याला अक्षरांनिशी ठाऊक होते त्याच्याशी जुळवून घेण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. हा कागद वाचण्याचा अधिकार रयतेला नाकारलेला होता असे म्हणता येत नाही, कारण तसा अधिकार कोणी मागितल्याचे चित्र दिसत नाही. बहुसंख्य रयत निरक्षर होती आणि लेखनाची विद्या काही थोड्या जातींपुरती मर्यादित होती, इतके कारण त्याला पुरेसे होते.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारला सर्वांत आधी हवी होती ती जमिनीची माहिती. रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२७ च्या सुमारास दख्खनेत जी पाहणी सुरू केली, तिच्यामागे प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्याचा ठरावीक भाग सारा म्हणून घेण्याचे रिकार्डोच्या अर्थशास्त्राला धरून केलेले गणित होते. गणित सूक्ष्म असले तरी त्याला पुरवलेली मोजमापे खोटी निघाली, सारा पेलवेनासा झाला आणि शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. त्यानंतर गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत सुरू केली. निव्वळ उत्पन्नाचा हट्ट सोडून त्यांनी मातीचा पोत आणि खोली यांवर जमिनीची प्रतवारी केली, साऱ्याचे दर उतरवले आणि ते तीस वर्षांसाठी कायम केले; १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीला नियमांचे रूप दिले. मोजणीसाठी ३३ फुटांची साखळी वापरली गेली. त्या साखळीच्या चौरसाला गुंठा म्हणतात, चाळीस गुंठ्यांचा एक एकर आणि गुंठ्याचे सोळा आणे, ही मापे दशमान पद्धत येऊन साठ वर्षे उलटली तरी व्यवहारातून गेलेली नाहीत. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असतात आणि बांधावर सौदा गुंठ्यात होतो.

या पाहणीने गावोगावच्या जमिनीला सर्व्हे नंबर मिळाले, नकाशे मिळाले आणि प्रत्येक नंबरासमोर सारा भरणाऱ्या खातेदाराचे नाव आले. मात्र त्या नोंदीचा हेतू वसुलीपुरता होता. सारा कोणाकडून घ्यायचा एवढेच सरकारला जाणून घ्यायचे होते. ती जमीन खरोखर कोण कसतो, तिच्यावर कोणाचे गहाण आहे, भावाभावांत तिची वाटणी झाली आहे का, या गोष्टी त्या कागदात नव्हत्या. त्यामुळे नोंद एका नावावर आणि जमीन दुसऱ्याच्या हाती, अशी विसंगती वाढत गेली. सावकारी कर्जाने या विसंगतीला धार आणली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उसळलेल्या दंग्यापासून पुणे आणि नगर जिल्ह्यांत जे लोण पसरले, त्यात शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या ताब्यातील कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्यावर अक्षराचा अंमल कसा चालतो, हे त्या कागदांच्या होळ्यांनी सरकारला दाखवले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांचे दस्त गावातील निबंधकासमोर लिहिले जावेत अशी व्यवस्था केली ती यामुळेच. महात्मा फुले यांनी १८८३ च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यातही कचेरीतील कारकुनी वर्ग अडाणी शेतकऱ्याला कागदाच्या जोरावर कसा नाडतो हा विषय पुन्हा पुन्हा येतो.

१८९९–१९०० च्या दुष्काळानंतर साऱ्याची थकबाकी प्रचंड वाढली. जप्त झालेल्या जमिनी हस्तांतरणाला बंदी घालून शेतकऱ्यांना परत देण्याची मुभा सरकारने १९०१ च्या दुरुस्तीने घेतली, आणि शेतकऱ्याची पतच यामुळे संपेल या कारणाने फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि इतर काही सभासद मुंबई विधिमंडळातून उठून गेले. आज सातबाऱ्यावर दिसणाऱ्या ‘भोगवटादार वर्ग-२’ या शब्दांमागे, म्हणजे परवानगीविना विकता न येणाऱ्या जमिनीच्या वर्गामागे, त्याच विचाराचा वारसा आहे. पाठोपाठ १९०३ मध्ये हक्कनोंदीचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९१३ मध्ये तो महसूल संहितेत सामावला गेला. सारा भरणाऱ्यापुरती असलेली नोंद यामुळे मालक, कूळ, गहाणदार आणि वहिवाटदार अशा सर्वांच्या हक्कांची झाली. एफ. जी. एच. अँडरसन या सनदी अधिकाऱ्याने लिहिलेल्या नियमपुस्तिकेने गावाच्या हिशेबाला क्रमवार नमुन्यांची जी शिस्त लावली ती अजून चालू आहे, आणि जुने महसूल कर्मचारी आजही तिला अँडरसन मॅन्युअल म्हणूनच ओळखतात.

या रचनेचा गाभा म्हणजे सहावा नमुना, फेरफार नोंदवही. जमीन खरेदीने, वारशाने, वाटणीने, बक्षिसाने किंवा गहाणाने हातबदल झाली की संबंधिताने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे, तलाठ्याने ती नोंद फेरफारात घ्यायची, तिची प्रत चावडीवर लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे आणि मग मंडळ अधिकाऱ्याने, म्हणजे लोकांच्या भाषेत सर्कलने, ती प्रमाणित करायची. हरकत आली तर ती तक्रार नोंदवहीत जाते आणि वरिष्ठ अधिकारी चौकशी करून निकाल देतो. नोंद प्रमाणित होईपर्यंत तिचा उल्लेख सातबाऱ्यावर पेन्सिलीने करायचा आणि मंजुरीनंतर शाईने, असा दंडक होता. कागदाच्या युगात आखलेली ही पद्धत बारकाईने पाहिली तर तिच्यात जाहीर सूचना, ठरलेली मुदत, हरकतीचा हक्क आणि कच्च्या-पक्क्या नोंदीतला दृश्य फरक असे सर्व काही आहे. खुल्या कारभाराच्या आजच्या कल्पनांना तिच्यात फारशी भर घालावी लागत नाही. उणीव पद्धतीत नव्हती. चावडीवर लागलेला कागद वाचणारे थोडे होते, तो लागला की नाही हे तपासणारे त्याहून थोडे, आणि नोटीस बजावल्याचा शेरा मारणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो बहुधा एकच माणूस होता.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. त्या निर्णयाला सामाजिक कारण होते तसे प्रशासकीयही होते, कारण नोकराची बदली होऊ शकते, वतनदाराची नाही. मुंबई राज्यात हाच बदल १९५० च्या परगणा आणि कुलकर्णी वतन निर्मूलन कायद्याने १९५१ पासून झाला. विदर्भात मध्य प्रांताच्या परंपरेतील पटवारी होता, मराठवाड्यात निजामी अमलातील पहाणी पत्रके आणि १९५४ च्या सुमाराची खासरा पत्रके होती. १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आलेल्या १९६६ च्या अधिनियमाने या तिन्ही परंपरा एका पद्धतीखाली आणल्या खऱ्या, पण जुने कागद आपापल्या जागी, आपापल्या लिपीत आणि आपापल्या मापांत तसेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर या कागदाचे वजन उतरले नाही, उलट वाढले. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि त्यातील नंतरच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, म्हणजे त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने खरेदीदार मानले गेले. कूळ म्हणून नाव लागले आहे की नाही, वहिवाट कोणाची दाखवली आहे, या एका रकान्यावर कुटुंबांचे भवितव्य ठरू लागले. सहकारी सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा ‘इतर हक्क’ या रकान्यात चढू लागला, आणि म्हणूनच कर्जमाफीच्या मागणीने ‘सातबारा कोरा करा’ ही घोषणा घेतली. एकत्र कुटुंबाच्या जमिनीवर थोरल्या भावाचे नाव ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असे लागे, आणि अल्पवयीन वारसापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अशी खूण येई. ज्यांची नावे या दोन-चार अक्षरांमागे झाकली गेली त्यांत बहिणी, विधवा आणि धाकटे भाऊ मोठ्या संख्येने होते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची हाक दिली, तेव्हा तिला मिळालेले महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

आणखी एक तांत्रिक बाब येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढे संगणकात उतरलेल्या अनेक चुकांचा उगम तिच्यात आहे. सातबाऱ्याच्या पुस्तकात दर वर्षीच्या पिकासाठी रकाने असल्याने ते साधारण दहा वर्षांत भरून जाई आणि मग संपूर्ण गावाचे पुनर्लेखन करावे लागे. हजारो नोंदी एका पुस्तकातून दुसऱ्यात हाताने उतरवताना एखादे नाव गळे, क्षेत्राचा आकडा बदले, कमी झालेला बोजा पुन्हा चढे. काही चुका थकव्याच्या होत्या आणि काही हेतूच्या, आणि दोन्हींचे अक्षर सारखेच असल्याने फरक सांगणे कठीण होते. तलाठ्याचा सज्जा, म्हणजे त्याच्या कामाचा टापू, अनेक गावांचा असे. तलाठी कोणत्या दिवशी कोणत्या गावी सापडेल याची खात्री नसे, आणि दप्तराची किल्ली त्याच्याकडे असे. कलम ३२७ ने दिलेला हक्क या किल्लीपाशी अडत होता.

संगणकीकरणाची सुरुवात केंद्र सरकारने १९८८–८९ मध्ये आठ राज्यांतील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात केली. महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्हा निवडला गेला. त्या काळातील अडचणी आज क्षुल्लक वाटतील, पण देवनागरीत माहिती साठवणे आणि छापणे हीच मोठी समस्या होती, आणि युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वीच्या वेगवेगळ्या फाँटमध्ये भरलेली माहिती पुढे एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेणे हे स्वतंत्र काम होऊन बसले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, संगणकीय उताऱ्याबरोबर हस्तलिखितही अनेक वर्षे चालू राहिले. दोन्ही वैध असल्यावर लोक आणि कचेरी दोघेही हाताने लिहिलेल्यावरच विसंबले, आणि संगणकातील प्रत मागे पडत गेली. शेजारच्या कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाने नेमका हा दुवा तोडला. राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने सुमारे ६७ लाख खातेदारांच्या नोंदी संगणकात घेऊन, १७७ तालुक्यांत केंद्रे उघडून, १५ रुपयांत उतारा देण्याची सोय तेथे झाली आणि एकेका तालुक्यात हस्तलिखित उतारे अवैध ठरवले गेले. नोंद घेण्याचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढावे लागतील आणि कर्मचाऱ्याला बोटाच्या ठशाशिवाय प्रणालीत शिरता येणार नाही, अशीही बंधने होती. तरीही त्या प्रकल्पावरील टीका दुर्लक्षिण्याजोगी नाही. सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, नोंदी एका ठिकाणी आल्याने बेंगळुरूच्या परिसरातील जमिनी हेरणे बड्या खरेदीदारांना सोपे झाले. माहिती सर्वांसाठी सारखी उघडी झाली तरी तिचा उपयोग करण्याची ताकद सर्वांची सारखी नसते.

महाराष्ट्रात निर्णायक काम २०१० नंतरच्या दशकात झाले. ई-फेरफार या प्रणालीत फेरफाराची नोंद, नोटीस, मुदत आणि प्रमाणन हे सर्व संगणकातच होऊ लागले, आणि दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला की त्याची माहिती तलाठ्याकडे पोहोचण्याची सोय झाली. पण त्याआधी हस्तलिखित आणि संगणक यांचा मेळ घालणे भाग होते. सुमारे अडीच कोटी सातबारे मूळ पुस्तकांशी ताडून पाहण्याच्या या कामाला महसूल खात्यात ‘एडिट’ आणि नंतर ‘री-एडिट’ अशी नावे पडली. दुरुस्तीसाठी तहसीलदाराचा कलम १५५ खालील आदेश, म्हणजे लेखनप्रमाद सुधारण्याचा आदेश, लागत असल्याने प्रत्येक बदलाचा माग राहिला. तलाठ्यांना रात्री उशिरापर्यंत बसून, कारण दिवसा सर्व्हर चालत नसे, आणि अनेकदा पदरमोड करून हे काम करावे लागले. वतनदार कुलकर्ण्यापासून सुरू झालेल्या या इतिहासात लेखनिकाच्या कष्टाबद्दल क्वचितच कोणी लिहिले आहे, म्हणून एवढा उल्लेख अस्थानी ठरू नये. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, म्हणजे तयार झालेले सातबारे ग्रामस्थांसमोर मोठ्याने वाचून हरकती घेण्यात आल्या. पडद्यावरची माहिती खरी की खोटी हे ठरवण्यासाठी शेवटी ज्यांना बांध ठाऊक आहे त्यांच्याकडेच जावे लागले, आणि या साऱ्या प्रकल्पातील सर्वांत शहाणपणाचा टप्पा तोच होता.

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. डिजिटल स्वाक्षरी म्हणजे दस्तऐवजात नंतर काही फेरबदल झाल्यास तो उघड करणारी सांकेतिक खूण. अशा उताऱ्यावर तलाठ्याची सही किंवा शिक्का लागत नाही आणि छापलेल्या पडताळणी क्रमांकावरून बँकेला किंवा न्यायालयाला त्याची खातरजमा करता येते. त्यासाठी १५ रुपये फी ठेवण्यात आली, आणि केवळ पाहण्यासाठीचा स्वाक्षरीविना उतारा महाभूलेख या संकेतस्थळावर विनामूल्य राहिला. या दोहोंतील फरक नागरिकाला अनेकदा उमगत नाही, आणि बाजारातील केंद्रांवर विनामूल्य उताऱ्याचीच प्रत पैसे घेऊन हाती दिली जाते, हा त्याचा एक परिणाम. याशिवाय ऑनलाइन ‘आपली चावडी’ नावाचा विभाग आहे. गाव निवडले की तेथे कोणते फेरफार दाखल आहेत, कोणत्या प्रकारचे आहेत आणि हरकतीची मुदत कधी संपते, हे दिसते. पुण्यात, मुंबईत किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या वारसाला गावच्या जमिनीवर आपल्या नकळत काही चालले आहे का, हे पाहण्याची सोय यापूर्वी नव्हती. उतारा घरबसल्या मिळण्याचे जितके कौतुक झाले तितके या विभागाचे झाले नाही. वास्तविक उतारा ही झालेल्या गोष्टीची नोंद आहे आणि नोटीस ही अजून अडवता येणाऱ्या गोष्टीची. नागरिकाच्या दृष्टीने दुसरी अधिक मोलाची.

यापुढचा बदल बाराव्या नमुन्यात झाला. पिकाची नोंद तलाठ्याने शेतावर जाऊन करायची असा नियम होता, पण ती बहुधा कचेरीत बसून, मागील वर्षाचे पीक पुढे ओढून होत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत खातेदाराने स्वतः मोबाइलवरून शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र आणि स्थाननिश्चिती यांसह नोंद करायची असते. गावाच्या दप्तरात शेतकऱ्याने स्वतः लिहिण्याचा हा पहिलाच व्यापक प्रसंग, आणि त्या अर्थाने तो संकेतस्थळावर उतारा दिसण्यापेक्षा मोठा आहे. डोंगराळ भागात नेटवर्क नसणे, मोबाइल न वापरणारे वृद्ध शेतकरी, मुदत टळल्यास हमीभावाच्या खरेदीत किंवा नुकसानभरपाईत येणारी अडचण, या तक्रारी खऱ्या आहेत. त्याहून खोल प्रश्न बटईदाराचा, म्हणजे तोंडी करारावर वाट्याने जमीन कसणाऱ्याचा आहे. जुन्या बाराव्या नमुन्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावाला रकाना होता, आणि कूळ कायद्याच्या भीतीने तो रिकामा किंवा खोटा राहत असला तरी निदान प्रश्न विचारला जात होता. खातेदाराच्या नावावरच नोंद होऊ लागल्यावर उन्हात उभा राहून पीक काढणारा माणूस या दप्तरात कोठेच दिसत नाही.

दिसणे आणि खरे असणे यांतील अंतर संकेतस्थळाने मिटवलेले नाही. कायद्यानुसार हक्कनोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण ती मालकीचा दस्त नव्हे, आणि फेरफाराने मालकी मिळत नाही हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. भारतात शासन मालकीची हमी देत नाही, केवळ नोंद ठेवते. नकाशा वेगळ्या खात्याकडे, भूमी अभिलेखाकडे असतो, आणि वाटण्या होऊन सातबारे फुटत गेले तरी पोटहिस्स्यांची मोजणी न झाल्याने नकाशावर अनेकदा मूळ गटच उरतो. गावठाणातील घरांना तर सातबाराच नसतो. त्यांच्यासाठी पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने केलेल्या मोजणीचा प्रयोग झाला आणि पुढे केंद्राच्या स्वामित्व योजनेच्या रूपाने २०२० पासून तो देशभर गेला. मृत खातेदारांची नावे संगणकातही जशीच्या तशी राहिल्याने बुलढाणा जिल्ह्यातील प्रयोगानंतर एप्रिल २०२५ पासून राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम घ्यावी लागली, कारण वारसांनी अर्ज केल्याशिवाय नोंद बदलत नाही आणि तंटा असलेल्या घरांत असा अर्ज कोणी करत नाही. दुसरीकडे, आडनाव टाकून कोणाचीही जमीन आणि तिच्यावरचे कर्ज पाहता येणे कितपत उचित आहे, हा प्रश्न चावडीच्या काळात उद्भवत नव्हता. तेथे पाहणारा गावातला असे आणि तो कोण आहे हे गावाला दिसत असे. केंद्राच्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने शासनाने आपणहून माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सांगितले, तर २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या माहितीला कवच दिले. सातबारा या दोन्ही कायद्यांच्या सीमेवर उभा आहे आणि त्याबाबतचा विचार अजून पुरेसा झालेला नाही.

जुन्या कागदांचे मोल किती अनपेक्षित रीतीने वाढू शकते, हे २०२३ मध्ये दिसले. मराठा समाजातील व्यक्तींना कुणबी जातप्रमाणपत्र देण्यासाठी पुरावे शोधण्याचे काम निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे आले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील अभिलेखकक्षांतून खासरा पत्रके, पहाणी पत्रके, जन्म-मृत्यूची नोंद असलेला चौदावा गाव नमुना, कोतवाल बुके आणि शाळांची रजिस्टरे बाहेर निघाली. निजामकाळातील कागदांसाठी शोध हैदराबादपर्यंत गेला. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुका आणि गावनिहाय ठेवल्या गेल्या, आणि सारा, पीक किंवा मृत्यू यांसाठी ओघात लिहिलेला जातीचा शब्द हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा शब्द ठरला. यांतील अनेक पाने मोडीत आहेत. ती पडद्यावर उघडता येतात, पण पणजोबाचे नाव त्यांत आहे की नाही हे नातवंडांना स्वतः वाचता येत नाही, आणि म्हणून प्रत्येक जिल्ह्यात मोडीवाचक शोधण्याची धावपळ प्रशासनाला करावी लागली.